पाणी मागायचं कसं?

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलमध्ये उंबरा ओलांडून कुणी आत आलं की ‘कसं काय’ विचारायच्या आधी पाण्याचा तांब्या पुढं येतो. उन्हातनं आलेलं माणूस असलं तर सोबत गुळाचा खडा. पाहुण्यावर पाणी मागायची पाळी आली तर घरच्या बाईला कानकोंडं होतं. अशा रीतीत हयात काढलेली बाई विमानात बसली की कोरडीच राहते. ट्रॉली येते, पेलाभर पाणी मिळतं, ट्रॉली पुढं जाते. आणखी हवं तर डोक्यावरचं बटण दाबायचं. पण बटण दाबून माणूस बोलवायचा, तोही घोटभर पाण्यासाठी?

माझी आत्या मुलाकडं जर्मनीला निघाली तेव्हा शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकऱ्यांबरोबर तिनं फडताळातला फिरकीचा तांब्याही काढला होता. किर्लोस्करवाडी स्टेशनला कुंडल रोड म्हणायचे, तेव्हापासून असे पितळी तांबे इथून मुंबई-पंढरपूर करत आलेत. तिच्या भाच्यानं तो ठेवून घेतला आणि स्टीलची बाटली हातात दिली. वर ताकीद, की तपासणीला बाटली रिकामी पाहिजे. 2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनला द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा कट उघडकीला आला आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या पिशवीतले द्रव 100 मिलिलिटरच्या डब्यांत अडकले. रिकाम्या बाटलीला मात्र मज्जाव नाही. तपासणीच्या पलीकडं नळ असतो, तिथं भरायची.

आत्याचा मुद्दा वेगळाच. रिकामं भांडं घेऊन परगावी कोण निघतं? भरली घागर आडवी आली तर शकुन, रिकामी आली तर माघारी फिरायचं. शेवटी तिनं घरून बाटली गच्च भरून घेतली आणि विमानतळाच्या दारात घटाघटा पिऊन संपवली. शकुनही राहिला, कायदाही.

विमानातली कोरडी हवा काय करते, हे आमच्या रानातल्या पाण्याच्या कॅनला ठाऊक आहे. उन्हाळ्यात त्याला ओलं गोणपाट गुंडाळतात. वारा गोणपाटातलं पाणी उडवून नेतो आणि आतलं गार होतं. विमानात ते गोणपाट म्हणजे आपण. पस्तीस हजार फुटांवर बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास थंडी. त्या हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. ती दाबून, ऊब देऊन आत सोडली की आर्द्रता दहा-वीस टक्क्यांवर येते. दाबही सहा ते आठ हजार फुटांवरचा, म्हणजे महाबळेश्वरापेक्षा बराच उंचावरचा. घाम दिसत नाही, म्हणून तहानेची आठवण होत नाही. तरी यात उगाच बाऊ नको. ओठ, डोळे, नाक, घसा सुकतो. अंगातलं पाणी काही विहिरीसारखं आटत नाही. थोडं थोडं पीत राहिलं की भागतं.

पण आत्या पीत नाही त्याचं खरं कारण पाणी मागण्यापेक्षाही आतलं आहे. प्यायलं की उठावं लागतं. तिच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी घरात संडास नसताना अंधार पडायची वाट बघितली, एसटीच्या लांबच्या प्रवासात सकाळपासून पाणी तोडलं. ती सवय पासपोर्टबरोबर जर्मनीपर्यंत जाते. आणि ही बाई कुठल्या गावची? 7 जून 1943 ला शेणोलीजवळ भूमिगत क्रांतिकारकांच्या तुफान सेनेनं ब्रिटिशांची पगाराची रेल्वे अडवून लुटली. त्यात पुढं होते ते कॅप्टन भाऊ आणि जी. डी. बापू लाड कुंडलचे. साहेबाची गाडी थांबवणाऱ्या गावातल्या बाईला शेजारच्या झोपलेल्या साहेबाला ‘जरा उठता का’ म्हणायला जड जावं, याचं मला हसूही येतं आणि रागही.

खरं तर ते उठणंच औषध आहे. आठ-नऊ तास पाय लोंबकळत बसलं की पिंढऱ्यांत रक्त साकळायची भीती; चार पावलं टाकली की ते वर चढतं. म्हणजे पाणी दोनदा कामाला येतं, एकदा घशात आणि एकदा तुम्हाला उठवायला.

हे आत्याला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पटलं. आता भिशीतल्या एकीची लेक चेन्नईला गलाईवाल्याच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्याच्या घरात दिली आहे, ती विमानानं निघाली की आत्या तिला सल्ला देते: सीट वाटेकडेची मागून घे, म्हणजे कुणाला उठवायला नको. बाटलीचं ती मग सांगते.