नकाशा, चलन, पावती

१. सोलापूर महापालिकेचे मुख्यालय इंद्रभुवन. मुळात आप्पासाहेब वारदांची वास्तू. कागदाच्या भाषेत, निवासी इमारतीचा कार्यालयीन वापर.

२. पाणीपट्टी वाढवायची तर सभागृहात आरडाओरडा होतो. विकास शुल्काला असे काही लागत नाही. ते जमिनीच्या रेडी रेकनर दराला बांधलेले : निवासी असेल तर भूखंडावर अर्धा टक्का, बांधीव क्षेत्रावर २ टक्के, व्यापारी असेल तर दुप्पट. दर चढला की शुल्क चढते, हात वर करायला कोणी लागत नाही. १ एप्रिल २०२५ ला मुंबईचा दर ३.३९ टक्क्यांनी वाढला. सोलापूरचा १०.१७ टक्क्यांनी, राज्यात सर्वाधिक. कशात तरी पहिले आलो.

३. डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायचे तर नकाशा द्यायचा, पैसे भरायचे. पावती हाच परवाना. त्यापुढे ३०० पर्यंत दहा दिवसांत मंजुरी. आपल्याकडे जागा गुंठ्यात विकली जाते. दीड गुंठा म्हणजे १५१.८ चौरस मीटर.

४. आर्किटेक्टच्या ऑफिसात एक गृहस्थ : ‘एका मजल्याचा परवाना काढलो होतो ओ, पोरं दोन झाली, मजले तीन झाले.’

५. नकाशा आता ऑनलाइन जातो. सामासिक अंतर संगणक तपासतो. जागेवर ते शेजारी तपासतो, आणि तो जास्त कडक असतो.

६. १९६६ च्या नगररचना कायद्यात एक सोय आहे. नकाशा नियमात बसत असेल आणि ६० दिवसांत काहीच उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे मानायचे. कायदा मानतो. कर्ज देणारी बँक शिक्का मागते.

७. भुईकोट किल्ल्यापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद. पुढच्या २०० मीटरला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी. होटगी रोडकडे उंच जायचे तर विमानतळ प्राधिकरणाची एनओसी. म्हणजे शहरात एकीकडे औरंगजेबाच्याही आधीचे बुरूज नडतात, दुसरीकडे गोव्याचे विमान.

८. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी अनधिकृत ठरली. नोटिसा, सुनावण्या, कोर्ट, मोर्चे : कित्येक वर्षे. १५ जून २०२३ ला ती काही सेकंदांत खाली आली. तिच्यामुळे अडलेले विमान उडाले ९ जून २०२५ ला.

९. १९९२ ला हद्द वाढली, शहर पाचपट झाले. त्या भागाला अजून ‘हद्दवाढ’च म्हणतात. तिथे जन्मलेली पोरे आता स्वतःचे घर बांधायला निघालीत.

१०. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. त्या वर्षीच्या १ जानेवारीपर्यंतचे भूखंड माफ, पुढचे नाहीत. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली : ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे माफ. मधल्या वीस वर्षांत ज्याने कायदा पाळून रीतसर शुल्क भरले, त्याच्यासाठी दुरुस्तीत काही नाही.

११. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडाला पावसाचे पाणी मुरवण्याची व्यवस्था सक्तीची. नकाशावर शोषखड्डा फार सुबक दिसतो. नळाला पाणी काही दिवसांआड.

१२. १८ मे २०२५, पहाट. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग. आठ मृत्यू, कारखान्यातच राहणारी माणसे. एमआयडीसीत बांधकामाचा परवाना एमआयडीसी देते. बंब महापालिकेचे धावले.

१३. कुंभारीच्या माळावर कामगारांसाठी ३० हजार घरांची रे नगर वसाहत. त्यातली १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी दिली. परवाने, रस्ते, पाणी, सगळे मार्गी लागले. ठरवले तर लागते.

१४. फ्लॅट घेणाऱ्यांनी फरशी कुठल्या कंपनीची, हे नंतर विचारावे. आधी वापर परवाना मागावा, आणि ‘येईलच की दोन महिन्यांत’ असे उत्तर आले तर टोकन परत खिशात घालावे.