छापून झाल्यावर

शुद्धिपत्राचा मजकूर फार तर दीडशे शब्दांचा असतो, पण माझ्या कामात सगळ्यांत जास्त पत्रव्यवहार त्याच्यावरच होतो. मी वैद्यकीय जर्नलच्या संपादन विभागात काम करते. निबंध स्वीकारला गेला की लेखक आनंदात असतात; कुठलं वाक्य बदललं, कुठलं गाळलं, याकडे फारसं बघतही नाहीत. त्याच निबंधात पुढे चूक निघाली, की एकेका शब्दासाठी मेल सुरू होतात. सगळ्या लेखकांची संमती, मग त्यांच्या संस्थेचं म्हणणं, कधी वकिलाचंही. या ओढाताणीत ज्याच्यासाठी हे लिहायचं तो वाचक मागे पडतो. त्याची बाजू सोडायची नाही, हेच मी माझं खरं काम मानते.

रक्तदाबाच्या औषधावरचा एक निबंध आमच्याकडे छापून झाला होता. काही काळानं पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा मेल आला. तक्ता ३ मध्ये ६४ रुग्णांच्या वरच्या रक्तदाबाची सरासरी होती आणि शेजारी प्रमाण विचलन १.९ दिलं होतं. दुसऱ्या गटाचंही तसंच. तिचं म्हणणं एवढंच होतं की हे शक्य नाही. १.९ म्हणजे बहुतेक सगळ्यांचा रक्तदाब सरासरीच्या तीन-चार अंकांच्या आत. कुठल्याही ओपीडीत तासभर बसलेल्या माणसाला हे पटणार नाही. हा आकडा पंधराच्या आसपास हवा. मग तिनं गणित मांडलं होतं : लेखकांनी प्रमाण विचलनाच्या जागी प्रमाण त्रुटी दिली असावी. ती काढताना विचलनाला रुग्णसंख्येच्या वर्गमुळानं भागतात. ६४ चं वर्गमूळ ८, आणि १.९ गुणिले ८ म्हणजे १५.२.

लेखकांकडून मूळ नोंदी मागवल्या, आमच्या संख्याशास्त्रज्ञांनी गणित पुन्हा केलं. मुलीचं बरोबर होतं. मुख्य चाचणी मात्र थेट मूळ नोंदींवर केलेली होती, त्यामुळे निष्कर्ष टिकत होता. निबंध मागे घ्यायचं कारण नव्हतं, शुद्धिपत्र पुरेसं होतं. लेखकांनी मसुदा पाठवला : ‘तक्ता ३ मधील टंकदोष दुरुस्त केला आहे. निष्कर्षांवर परिणाम नाही.’

मला हा मसुदा चालण्यासारखा नव्हता. दरम्यान संशोधकांच्या दुसऱ्या एका गटानं तोच तक्ता अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात वापरला होता. अशा विश्लेषणात ज्या अभ्यासाचे आकडे कमी विखुरलेले, त्याला जास्त वजन मिळतं, आणि तेही विचलनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे आमच्या तक्त्यातली आठपट चूक तिथे चौसष्टपट होऊन बसली होती. लहानसा अभ्यास बाकीच्या सगळ्यांना आपल्याकडे खेचत होता. ‘टंकदोष’ एवढंच वाचून तो गट कशाला पुन्हा गणित करेल? शेवटी शुद्धिपत्रात स्तंभ कुठला, छापलं काय, हवं होतं काय, रुग्णांच्या दोन्ही गटांचे जुने-नवे आकडे, असं सगळं गेलं. आणि हे आकडे अन्यत्र वापरले असतील तर ते विश्लेषण तपासून पाहावं, हेही गेलं. ते एकत्रित विश्लेषण छापणाऱ्या जर्नलच्या संपादकांना प्रत पाठवली. चूक दाखवणाऱ्या मुलीचे आभार तिला विचारून नावानिशी छापले. हे छापायला लेखकांचा विरोध होता. मी अडून बसले.

शुद्धिपत्र लवकर दिलं म्हणजे काम झालं, असंही नाही. २०२० च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवरचा निबंध आला. ६७१ रुग्णालयं, ९६ हजारांवर रुग्ण, आणि निष्कर्ष असा की या औषधानं कोविडच्या रुग्णांना अपायच होतो. तो वाचून जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. मग लक्षात आलं की निबंधातले ऑस्ट्रेलियातले मृत्यू त्या देशाच्या सरकारी आकड्यांहून जास्त आहेत. महिना संपता संपता शुद्धिपत्र आलं : आशियातलं एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियाच्या गटात धरलं गेलं होतं. पण मूळ नोंदी स्वतंत्र तपासणीसाठी तेव्हाही कुणाच्या हातात नव्हत्या, आणि आकडेवारी पुरवणाऱ्या कंपनीनं त्या पुढेही दिल्या नाहीत. ४ जूनला चारांपैकी तीन लेखकांनी निबंध मागे घेतला. मूळ नोंदी डोळ्यांखालून जात नाहीत तोवर शुद्धिपत्राला हात लावायचा नाही, हे मी त्यातून घेतलं. तोवर वाचकाला सावध करायचं तर ‘एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न’ आहे : या निबंधाबद्दल शंका आहेत, तपास चालू आहे, एवढं सांगणारी नोंद. ती द्यायला संपादक कचरतात. मला वाटतं, आपण ती फार कमी वापरतो.

निबंध मागे घेणं म्हणजे लबाडी पकडली जाणं, असा समज पक्का होत चालला आहे. त्याला कारणंही आहेत. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांवर निबंध मागे घेतले गेले आणि त्यांतले आठ हजारांहून अधिक एकट्या ‘हिंदावी’ या प्रकाशनाचे होते. पैसे घेऊन निबंध पाडणाऱ्या कारखान्यांचा माल त्यांत भरपूर होता. पण त्याच यादीत प्रामाणिक माणसंही असतात. रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस आर्नोल्ड यांनी जानेवारी २०२० मध्ये आपला ‘सायन्स’मधला निबंध मागे घेतला. प्रयोग पुन्हा करून निकाल येईनात आणि प्रयोगशाळेच्या वहीत महत्त्वाच्या नोंदी सापडेनात. ही गोष्ट त्यांनी स्वतःच जाहीर केली. आपल्याकडे शिक्षणसंस्थांच्या २०२५ च्या एनआयआरएफ क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांबद्दल गुण वजा करायला सुरुवात झाली. हेतू मला समजतो. पण स्वतःहून चूक सांगणारा आणि बनावट चित्रं चिकटवणारा एकाच हिशेबात मोजले, तर पहिला पुढच्या वेळी गप्प बसेल, ही भीती माझ्या मनातून जात नाही.

मागे घेतलेला निबंध आम्ही काढून टाकत नाही. शीर्षकाआधी तसं लिहितो, पीडीएफच्या पानापानावर वॉटरमार्क टाकतो आणि कारणांची नोंद सगळ्यांना फुकट वाचता येईल अशी ठेवतो. तरी कुणाच्या लॅपटॉपमध्ये आधीच उतरवलेली पीडीएफ बदलत नाही, आणि पुढची कितीतरी वर्षं तो निबंध संदर्भयादीत येत राहतो. मागे घेतलेल्या निबंधांची ‘रिट्रॅक्शन वॉच’ची सूची २०२३ पासून ‘क्रॉसरेफ’ या संस्थेमार्फत सर्वांना खुली आहे; ‘झोटेरो’ या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ ठेवले असतील तर ते या सूचीवरून आपोआप इशारा देतं. प्रबंध सादर करण्याआधी हे एकदा बघायला दहा मिनिटं लागतात. किती मार्गदर्शक बघायला लावतात?

नोंद लिहिताना सगळ्यांत अवघड जाते ती सहलेखकांची ओळ. बनावट चित्र एकानं केलेलं असतं आणि खाली नावं सात; त्यांत नुकतीच पदवी घेतलेली, नोकरीच्या शोधातली मुलं असतात. त्यांचे मेल येतात, कधी घरच्यांचेही. दोष कुणाचा हे ठरवणं जर्नलचं काम नाही, ते संस्थेच्या चौकशी समितीचं. समितीनं लेखी निष्कर्ष दिला असेल, तर कोणत्या आकृतीचं काम कुणाकडे होतं आणि बाकीच्यांवर ठपका नाही, हे मी नोंदीत स्पष्ट लिहिते. संस्था पुष्कळदा उत्तरच देत नाहीत. मग मी पुन्हा स्मरणपत्र पाठवते, आणि त्यात विचारते की या सहा जणांबद्दल तुमच्या समितीचं म्हणणं काय आहे.