निळ्यांचं मुलुंड, हिरव्यांची बोरिवली

मैत्रिणींनो, कॉलेजात जाणारा मुलगा रोज संध्याकाळी साडेसातला चपला पायात सरकवून "आलोच गं" म्हणत बाहेर पडू लागला आणि पाऊण तासानं हसतमुखानं परतू लागला, की आईच्या मनात पहिला विचार कोणता येतो, ते मी तुम्हांला सांगायला नको. माझ्याही मनात तोच आला. २०१९ च्या जानेवारीतली गोष्ट. चार दिवस मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी कुकरची तिसरी शिट्टी झाल्याबरोबर गॅस बंद केला, साडीचा पदर खोचला आणि चिरंजिवांच्या मागे निघाले.

आमच्या कॉलनीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आहे. स्वारी पाराशी जाऊन उभी राहिली. हातात मोबाईल, मान खाली, अंगठा चाललेला. मुलगी नाही, मित्र नाही, कोणी नाही. मारुतीला नमस्कारसुद्धा नाही! मी पुढे होऊन विचारलं, "काय करतोयस रे?" दचकला, आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "आई, हे देऊळ हिरव्यांनी घेतलं होतं. मी परत घेतोय."

बाई, मी पारावर बसूनच घेतलं.

त्या खेळाचं नाव इंग्रेस. नियँटिक नावाची कंपनी गूगलमध्ये होती, तेव्हा २०१२ च्या नोव्हेंबरात तिनं तो काढला. ज्या पोकेमॉन गोपायी २०१६ साली पोरं फोन धरून रस्तोरस्ती फिरत होती, तो ह्याच कंपनीनं काढलेला धाकटा खेळ. इंग्रेसची गोष्ट अशी : जगातल्या देवळांतून, पुतळ्यांतून, जुन्या वास्तूंमधून एक अज्ञात शक्ती झिरपते आहे. तिच्यामागे कोणी अनोळखी आहेत, ते दिसत नाहीत. माणसांत दोन तट पडले आहेत. हिरवे म्हणतात, येऊ द्या त्यांना, आपलं भलंच होईल. निळे म्हणतात, ओळखदेख नसलेल्याला घरात घ्यायचं नाही. मला तर हे ऐकून आमच्या घरात पहिल्यांदा मिक्सर आला तेव्हाचा वाद आठवला!

गंमत अशी, की हा खेळ घरात बसून खेळताच येत नाही. नकाशावरचं ठिकाण घ्यायचं तर आपल्या पायांनी तिथवर, चाळीस मीटरच्या आत, जावं लागतं. अशा ठिकाणाला पोर्टल म्हणतात. त्याच्याभोवती आठ खुंट्या ठोकायच्या आणि प्रत्येक खुंटीवर ठोकणाऱ्याचं नाव दिसतं. आपल्या रंगाची तीन ठिकाणं दोऱ्यांनी जोडली, की मधला त्रिकोण आपला. त्याखाली जितकी वस्ती, तितके गुण. एक दोरा दुसऱ्या दोऱ्याला ओलांडू शकत नाही. म्हणजे आधी ज्यानं बांधला त्याचा मान. दुसऱ्यानं तो तोडावा, नाहीतर वळसा घालावा.

त्या रात्री त्यानं मला नकाशा दाखवला. मुलुंड बरंचसं निळं, बोरिवली हिरवी आणि दोघांच्या मध्ये काळोख. तो काळोख म्हणजे आपलं राष्ट्रीय उद्यान. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल. नकाशावर बोटभर अंतर. पण मुलुंडहून बोरिवलीला जायचं तर लोकलनं दादरला उतरून गाडी बदला, नाहीतर ठाण्यावरून घोडबंदरचा वळसा घ्या.

"तुमचं मुलुंड?" मी हसून म्हटलं. "अरे, मुलुंड मुंबईचं तरी कधीपासून?" शेजारच्या आजी सांगायच्या ते आठवलं. मुंबईची हद्द १९५० साली भांडुपपर्यंत आली आणि मुलुंड आत आलं ते १९५७ साली. त्याआधी आपण ठाणे जिल्ह्यातले. मग नाक्यावर जकात आली, ती २०१७ च्या जुलैत गेली. टोल आला, त्यातून लहान गाड्या २०२४ च्या ऑक्टोबरात सुटल्या. हद्दी माणसंच आखतात आणि माणसंच पुसतात. तरी हद्दीचं वेड खोटं म्हणवत नाही. ह्याच मुंबईसाठी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात माणसांनी प्राण दिले. हुतात्मा चौकातून जाताना आपण अजून मान लववतो.

आता हे सगळं मी तुम्हांला का सांगते आहे? तर आमच्याही घरात एक हद्दीचं भांडण होतं.

राजापूरजवळ आमचं गाव. मामंजी २०१२ साली गेले आणि वर्ष सरायच्या आत आमचे हे आणि थोरले दीर, दोघा भावांत गडग्यावरून वाजलं. गडगा म्हणजे कोकणातला दगडी बांध. तो दोन हात इकडे, की दोन हात तिकडे? मधला फणस कोणाचा? मोजणी झाली, सातबाऱ्याचे उतारे झाले, वकील झाले. दीर बोरिवलीला, आम्ही मुलुंडला. दोन्ही घरं एकमेकांच्या दारची पायरी चढेनात. आम्ही जावा तशा एकमेकींच्या वाईटावर नव्हतो. पण नवरे बोलत नाहीत म्हटल्यावर आपण तरी कसं बोलायचं, असं म्हणत सहा वर्षं गेली. तुमच्यांतल्या कितीजणींना हे सांगायला नको!

ह्यात मरण झालं ते माजघराचं. घराची एक बाजू ह्यांची, एक भाऊजींची, पण माजघर सामाईक. कोकणात दर मेमध्ये कौलं परतून घ्यावी लागतात, नाहीतर पावसाळ्यात घर रडतं. दोघांनी आपापली बाजू शाकारली. माजघराला कोणी हात लावीना. कोणीतरी डोक्यात भरवून दिलं होतं, की आपण खर्च केला तर दुसऱ्याचं म्हणणं कबूल केल्यासारखं होईल. सासूबाईंची बाज त्याच माजघरात. ठिबकेल तिथे त्या पातेली मांडून ठेवायच्या. २०१८ च्या श्रावणात ओल्या जमिनीवरून पाय घसरला आणि त्यांचं मनगट मोडलं. तेव्हासुद्धा दोघे भाऊ वेगवेगळ्या दिवशी जाऊन त्यांना भेटून आले.

तर खेळाकडे वळते. पोरानं दर रविवारी भल्या पहाटे कान्हेरीला जायला सुरुवात केली. मुलुंडहून दादर, दादरहून बोरिवली, मग उद्यानाच्या दारातून आत लेण्यांपर्यंत. का, तर तिथलं ठिकाण मिळालं की त्याचा त्रिकोण पुरा होणार. घेऊन यायचा आणि दोन दिवसांत ते परत हिरवं. तोंड एवढंसं करून बसायचा. मी म्हणायची, "अरे, लेणी जिथल्या तिथेच आहेत ना?"

मार्चमधल्या एका रविवारी आला आणि त्याच्या पिशवीतून मी डबा काढला, तो आमचा नव्हता. स्टीलचा, गोल, घट्ट झाकणाचा. आत ओल्या काजूंची उसळ, नारळाचा रस घातलेली. डबा उलटा केला. खाली कोरलेलं नाव माझ्या जावेचं! सासूबाईंनी आम्हां दोघींना नावं घालून सारखे डबे दिले होते. माझा फळीवरच होता.

चिरंजिवांनी मान खाली घातली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कान्हेरीच्या खुंट्यांवर दर वेळी एकच हिरवं नाव दिसायचं, 'तांबू'. तांबू ही आमच्या सासूबाईंची गाय! मे महिन्याच्या सुट्टीत तिच्या पाठीवर बसायला कोण भांडायचं, तर हा आणि त्याची चुलत बहीण. असं नाव जगात दुसरं कोण घेणार? त्या खेळात दोन्ही रंगांना वाचता येईल अशी बोलण्याची एक सामाईक जागा असते. तिथे ह्यानं लिहिलं, "ताई, तू का?" उलट उत्तर आलं, "किल्ला तुझा घेतलाय, पण भूक लागली असेल तर घरी ये."

बहीणभाऊ तीन महिने एकमेकांशी लढत होते आणि लढून झाल्यावर काकूच्या हातचं जेवत होते. आणि आम्ही मोठी माणसं!

मी रागावले नाही. एवढंच विचारलं, "मग कान्हेरी शेवटी कोणाची?" तो म्हणाला, "आई, कोणाचीच कायमची नाही. ठिकाण घेतलं म्हणजे झालं असं नसतं. खुंट्या रोज थोड्या थोड्या झिजतात. आठवडाभर लक्ष दिलं नाही की गळून पडतात आणि ठिकाण बेवारशी होतं. ना निळं, ना हिरवं. लांबून शक्ती पाठवता येते, पण जितकं अंतर जास्त, तितकी ती कमी पोचते."

मुंबईहून गावाला पैसे पाठवणाऱ्या चाकरमान्यांचं ह्याहून नेमकं वर्णन मी ऐकलं नव्हतं.

मग त्यानं दुसऱ्या एका खेळातली गोष्ट सांगितली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, २००४ सालापासून चालू असलेला. त्यातही दोन तट. एकांचा मुलूख उजाड, त्यांना घरं बांधायला लाकूड हवं. दुसऱ्यांना तेच रान देवासारखं. ॲशेनवेल त्या रानाचं नाव. तंटा वर्षानुवर्षं चालला. २०१८ साली कथेत असं झालं, की पहिले चाल करून गेले ते दुसऱ्यांचं एका प्रचंड झाडावर वसलेलं शहर ताब्यात घ्यायला, आणि शेवटी ते झाडच त्यांनी पेटवून दिलं. "दोन्हीकडचे खेळणारे हळहळले, आई. कारण कोणालाच काही मिळालं नाही."

मी काही बोलले नाही. पण रात्रभर मला माजघर दिसत होतं. दोन्ही बाजूंना नवी कौलं, मध्ये काळे पडलेले वासे आणि खाली पातेली. गडगा कोणाचा ते कोर्ट ठरवील तेव्हा ठरवील. तोवर घर कोणाचं राहणार होतं? वाळवीचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, हे कचेरीत असताना, मी जावेला फोन लावला. सहा वर्षांनी. काय बोलायचं ते मनात दहादा घोकलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, "वहिनी, मी बोलतेय. उसळीत मिरची जरा जास्त पडली होती हं." पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग ती म्हणाली, "डबा रिकामा पाठवू नकोस म्हणजे झालं." आणि आम्ही दोघीही रडायला लागलो.

आमचं ठरलं ते एवढंच : भांडण पुरुषांचं, ते त्यांच्यापाशी राहू दे. माजघर आपलं. माझ्या भिशीचे पैसे आणि तिनं शिवणकामातून बाजूला टाकलेले, असे अर्धे अर्धे घातले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कोकण रेल्वेनं दोघं पोरं गावाला गेली. निळा आणि हिरवी एकाच डब्यातून! गावातला कौलारू बोलावला, तीन वासे बदलले, कुजलेल्या रिपा काढल्या, फुटकी कौलं काढून नवी मंगलोरी बसवली. पोरगी वर चढली होती, हा खालून कौलं देत होता. सासूबाई अंगणात बसून दोघांनाही ओरडत होत्या आणि, पोरांनी सांगितलं, तोंडभर हसत होत्या.

ह्यांना मी आधी सांगितलं नाही. हे बरोबर होतं का, मला अजून ठरवता येत नाही. नवऱ्यापासून लपवून काही करावं असा सल्ला मी कोणालाच देणार नाही. पण पाऊस जूनमध्ये येतो. माणसांचं मन वळायची वाट तो बघत नाही.

गाडी रत्नागिरीच्या पुढे गेली असेल एवढा वेळ जाऊ दिला आणि मगच सांगितलं. हे काही बोलले नाहीत. दोन दिवस जेवणाच्या ताटावर घरात फक्त भांड्यांचा आवाज. तिकडे बोरिवलीतही तसंच, असं जावेनं कळवलं.

मैत्रिणींनो, भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. गडग्याचा दावा अजून चालू आहे, फणस दोघांच्या मध्ये उभा आहे आणि दर वर्षी फळतो आहे. पण आम्ही जावा बोलतो. मेमध्ये माजघराची कौलं अर्ध्या-अर्ध्या खर्चानं परतली जातात आणि सासूबाईंची बाज कोरडी असते. पोरं नोकरीला लागली. खेळ कमी झाला, तरी अधूनमधून कान्हेरी हिरवी झाल्याची बातमी माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येते.

आणि हो, त्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट राहिली. रात्री हात धुऊन हे टॉवेलला पुसत उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कौलं पुरली का?"

मी म्हटलं, "चार कमी पडली होती. भाऊजींच्या बाजूची उरलेली होती, ती घातली."

"हं," म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं, "बरं केलं."