ओट्याखालची नळी
शेंद्र्यात घर बांधताना आम्ही हौसेने ओट्यात बसवलेला हॉब घेतला. वरची काच रोज पुसायचो, ज्योत पिवळी पडली की बर्नरची छिद्रे साफ करायचो. कपाटाआडची रबरी नळी मात्र विसरलोच. रमजानमध्ये सेहरीला उठलेल्या अम्मींना वास आला. "लाइट लावू नका!" त्या ओरडल्या. आम्ही अंधारातच रेग्युलेटर बंद केला, दारे उघडली, अंगणात येऊन १९०६ ला फोन लावला. नळी भेगाळली होती. तिची ५ वर्षांची मुदत कधीच उलटली होती. एलपीजी हवेपेक्षा जड, बंद कपाटात तळाशी साचतो. सुताराने खाली जाळी ठेवली नव्हती, आम्हीही मागितली नव्हती. आता नळी नवी, जाळीही आहे. त्या दिवशीची सेहरी खजूर-पाण्यावर झाली. अम्मी अजून म्हणतात, जुनी शेगडीच बरी होती, नळी डोळ्यांसमोर तरी असायची.