जुन्या वाहनाची पारख

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी आम्ही एक जुनी मोटारसायकल विकत घेतली, ही वार्ता महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात पोहोचली तेव्हा तिचे स्वागत दोन प्रकारांनी झाले. तरुण सहकाऱ्यांनी अभिनंदन केले. समवयस्कांनी विम्याची चौकशी केली. घरी सौ.नी "अहो, या वयात?" एवढाच प्रश्न विचारला, आणि तो वाहनाच्या वयाविषयी आहे की आमच्या, याचा खुलासा करण्याचे टाळले. दोहोंविषयी असेल तर तो अगदीच गैरवाजवी नव्हता. वाहन अठरा वर्षांचे आहे, आणि अठरा वर्षांची मोटारसायकल म्हणजे छप्पन्न वर्षांचा प्राध्यापकच होय. दोघेही चालू असतात. फक्त किती काळ, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

ही खरेदी निव्वळ हौसेची नव्हती. आमची वृद्ध आई साखरप्यापलीकडे आमच्या मूळ गावी राहते. कोल्हापुरी येऊन राहण्याची गोष्ट काढली की ती आगोटीचे निमित्त सांगते, आगोटी संपली की भाताचे, आणि भात झाले की आंब्याच्या मोहोराचे. वर्ष संपते, निमित्ते संपत नाहीत. तेव्हा आम्हीच महिन्यातून दोनदा जातो. मलकापूर, आंबा, मग घाट उतरून साखरपा, अशी तीन तासांची ही वाट. घरी मोटार आहे. परंतु तीस सौ.च्या शाळेची वेळ गाठावयाची असते, आणि आमच्या घराअलीकडे व्हाळावर जो साकव आहे तो मोटारीस पुरत नाही. मोटारसायकलीस पुरतो. लांबची मजल, चढउतार आणि अवेळ या तिन्ही गोष्टी निमूटपणे सोसणारे दोन चाकांचे वाहन आम्हांस हवे होते.

'निमूटपणे सोसणारे' या शब्दांस आमच्या आयुष्यात एक कडू संदर्भ आहे. १९९७ साली, नवी नोकरी व नवा उत्साह असताना, आम्ही एक जुनी मोटारसायकल घेतली होती. टाकी आरशासारखी चमकत होती आणि मीटरवरचा आकडा लहान होता. या दोन प्रमाणांवर आम्ही व्यवहार केला. पुढच्या आषाढात गावाहून फोन आला, की आजीचे काही खरे नाही. आम्ही संध्याकाळी निघालो. आंबा घाटाच्या माथ्यावर धुक्यात एक खाडकन आवाज झाला आणि चेन तुटून रस्त्यावर पडली. इंजिन धडधडत होते, दिवा जळत होता, चाकास मात्र त्याचे काहीच कळत नव्हते. घाट उतरलो तो केवळ उताराच्या कृपेने व ब्रेकच्या आधाराने. पुढे पावसात ढकलत चाललो. घरी पोहोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. आजी दोन वाजता गेली होती. वडील ओटीवर बसले होते. ते रागावले नाहीत. सर्व हकीगत ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "चेन पाहिली नव्हतीस का?"

पाहिली नव्हती. नंतर पाहिली तेव्हा दिसले, की स्प्रॉकेटचे दाते झिजून आकड्यांसारखे वाकले होते आणि त्यांवर काळ्या रंगाचा हात फिरविला होता. आता आईच्या बाबतीत तो प्रश्न पुन्हा ऐकण्याची आमची तयारी नव्हती.

वेगाने धावावे आणि दूरवर जावे, या दोन्ही हेतूंनी घडविलेल्या मोटारसायकलींचा एक स्वतंत्र वर्ग आहे. त्यास 'स्पोर्ट-टूरिंग' म्हणतात. युरोपात या वर्गाचा थाट मोठा. १९९० च्या सुमारास तेथे आलेली होंडाची 'पॅन-युरोपियन' घ्या. तीस १०८४ सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन, २८ लिटरची टाकी, आणि चेनच्या जागी शाफ्ट. चेनच नाही म्हणजे आमच्या दुःखाचे मूळच नाही! आपल्याकडे या कल्पनेचा साधा, मध्यमवर्गीय अवतार २००३ साली हिरो होंडाच्या 'करिझ्मा'च्या रूपाने आला: एकच सिलिंडर, २२३ सी.सी., हवेने थंड होणारे इंजिन, कार्बुरेटर, १५ लिटरची टाकी, आणि पुढे वारा अडविणारे लहानसे कवच. त्या काळी ती घेणे आम्हांस परवडले नाही. डिसेंबर २०१० मध्ये त्या दोन कंपन्यांनी फारकत घेण्याचे ठरविले, पुढे नावही बदलले. पण जुन्या करिझ्मा अजून रस्त्यांवर दिसतात. तीत गुंतागुंत थोडी, आणि जेथे गुंतागुंत थोडी तेथे आडगावच्या मेस्त्रीचाही हात चालतो. दीर्घकाळ टिकावयाच्या यंत्राचा हा गुण जाहिरातीत कोणी सांगत नाही.

यंदा आम्ही एकटे गेलो नाही. आमच्या गल्लीच्या टोकाशी ज्यांचे गॅरेज आहे त्या मेस्त्रींस बरोबर घेतले. दाखविण्यात आलेली पहिली गाडी २००९ ची. मीटरवर अठरा हजार किलोमीटर, रंग नवाकोरा, एकही ओरखडा नाही. मालक मोठ्या अभिमानाने म्हणाले, "आमच्या चिरंजीवांनी हौसेने घेतली आणि परदेशी गेले. तेव्हापासून झाकून ठेवली आहे. कोणास हात लावू दिला नाही." आमच्या मनाने तत्काळ होकार दिला. चमकत्या टाकीचा मोह सत्तावीस वर्षांतही आमच्या ठिकाणी कमी झाला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

मेस्त्री मात्र खाली बसले आणि टायरच्या कडेवरून त्यांनी बोट फिरविले. तेथे चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '१८०९' असे होते. म्हणजे २००९ सालच्या अठराव्या आठवड्यात घडविलेला टायर. नक्षी सगळी शाबूत होती. पण रबरात नख रुतत नव्हते. ओल्या घाटात असा टायर म्हणजे लाकडाचे चाक. मग टाकीचे झाकण उघडून त्यांनी आत विजेरी धरली. तळाशी तांबूस गंज होता. पेट्रोल वर्षानुवर्षे साचून राहिले की उडणारा भाग उडून जातो आणि चिकट राळ उरते. ती कार्बुरेटरच्या केसासारख्या छिद्रांत बसते. रबरी नळ्या व सील कडक होतात, बॅटरी निकामी होते. आता तर २०२५ मध्ये पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळण्याची मजल देशाने गाठली आहे. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते, आणि त्याच्यासाठी न घडविलेल्या जुन्या रबरास ते मानवत नाही. शिवाय गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२४ मध्येच संपली होती, ती कोणी वाढविली नव्हती.

"सर, ही पळून दमली न्हाई," मेस्त्री बाहेर आल्यावर म्हणाले, "उभी राहून दमल्या."

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या गृहस्थांनी आम्हांस फसविले नाही. १९९७ च्या विक्रेत्याने दोष लपविला होता; यांनी दोषासच गुण समजून मोठ्या प्रेमाने पुढे केले. वस्तूस हात न लावणे म्हणजे ती जपणे, अशी आपल्या घरांतून एक समजूत आहे. कपाटातील पैठणी घडीवर विरते, पुस्तके बंद कपाटात वाळवीच्या मुखी जातात, आणि आपण म्हणतो, किती जपले होते!

दुसरी गाडी मिरजेस होती. २००७ ची, आणि मीटरवर शहाऐंशी हजार! मालक औषधांच्या कंपनीचे प्रतिनिधी होते. आता निवृत्त झाले आहेत आणि गुडघे साथ देत नाहीत म्हणून गाडी विकावयाची. त्यांनी फोनवरच सांगितले, "प्राध्यापकसाहेब, सकाळी सातला या. गार गाडी सुरू करून पाहा. एकदा तापली की कोणतीही गाडी शहाण्यासारखी वागते." आम्ही गेलो. टाकीवर पोचा होता, कवचास तडा होता, आसन एकदा शिवलेले होते. सौंदर्य म्हणून काही उरले नव्हते.

मेस्त्रींनी इंजिनास तळहात लावून ते गार असल्याची खात्री केली आणि गाडी सुरू केली. धुराची एक निळसर झुळूक निघाली व विरली. ती टिकून राहती आणि जोर देताच वाढती तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असे समजावयाचे. क्षणभर येऊन थांबली म्हणजे व्हॉल्व्हची सील म्हातारी झाली आहेत, एवढेच. मग तेल पाहिले. ते काळे होते. काळेपणास ते भीत नाहीत, चकाकीस भितात. तेलात धातूचे चकचकीत कण दिसले की आत काहीतरी झिजते आहे. तसे काही दिसले नाही. पुढचे चाक उचलून हँडल हलकेच या टोकाकडून त्या टोकाकडे नेले. मध्यावर ते कोठे अडखळले असते तर बेअरिंगात खळगा पडला आहे असा अर्थ झाला असता. मागचे चाक बाजूस ढकलून पाहिले. सांगाड्यावर जोडकामाच्या खुणा व रंगाचा फरक शोधला, कारण अपघात झालेला सांगाडा पुन्हा सरळ होतो तो डोळ्यांना, रस्त्याला नव्हे. सांगाड्यावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडला. शेवटी आम्ही स्वतः खाली वाकून चेन पाहिली. मागच्या स्प्रॉकेटवरून ती ओढून पाहिली, चाक पूर्ण फिरवून कोठे ताणते व कोठे सैल पडते हे पाहिले, दाते एकेक करून मोजल्यासारखे पाहिले. मेस्त्री म्हणाले, "सर, मी बघितलंय की." आम्ही म्हटले, "असू द्या."

तेवढ्यात मालकांनी आतून एक वही आणली. बिनरेघांची, तेलाचे डाग पडलेली. अठरा वर्षांत दर तीन हजार किलोमीटरच्या आसपास तेल कधी बदलले, चेन कधी, ब्रेकचे पॅड कधी, पंक्चर कोठे झाले, हे सर्व एकाच वळणाच्या अक्षरात होते. साठ हजारांवर कॅम-चेन बदलल्याची नोंद होती. २०२० च्या पानावर होते: 'टाळेबंदी. दर रविवारी दहा मिनिटे सुरू.' २०२२ मध्ये नोंदणी पाच वर्षांसाठी वाढविल्याची तारीख होती. आणि २०१४ च्या पानावर एक ओळ होती: 'तेलास सहा हजारांचा उशीर. घरी आजारपण. चूक.'

त्या शेवटच्या शब्दापाशी आम्ही थांबलो. ही वही कोणास दाखविण्यासाठी लिहिलेली नव्हती. दाखविण्यासाठी लिहिणारा मनुष्य ती ओळ लिहीत नाही. आम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. निर्दोष उत्तरपत्रिका पाहून आम्हांस आनंद होतो खरा, पण त्याबरोबर थोडा संशयही येतो. ज्या विद्यार्थ्याने चूक खोडून शेजारी नीट दुरुस्ती केलेली असते त्याला विषय समजला आहे, हे मात्र निश्चित. वही वाचून होताच मालक आपण होऊन म्हणाले, "क्लचच्या प्लेट आणखी चार-पाच हजार चालतील. ते धरून किंमत सांगितली आहे." मेस्त्रींनी मान डोलाविली, सुटे भाग मिळत असल्याची खात्री त्यांनी आधीच करून घेतली होती, आणि व्यवहार झाला.

लोक जुन्या वाहनाविषयी पहिला प्रश्न करतात तो, किती पळाले? हा प्रश्न अगदीच व्यर्थ नाही; पण त्याचे उत्तर एकट्याने काही सांगत नाही. नेमाने तेल मिळालेले शहाऐंशी हजार किलोमीटर हे झाकून ठेवलेल्या अठरा हजारांपेक्षा हलके असू शकतात. भरवसा हा कारखान्यात एकदा घालून दिलेला आणि पुढे हळूहळू संपत जाणारा साठा नव्हे. तो दर तीन हजार किलोमीटरला पुन्हा भरावा लागतो. म्हणून जुनी गाडी पाहताना खरोखर दोन माणसे पाहावयाची असतात: ज्याने ती आजवर सांभाळली तो, आणि जो ती यापुढे सांभाळणार तो. पहिल्याची परीक्षा मिरजेस झाली. दुसऱ्याची अद्याप चालू आहे.

मार्गशीर्षात आम्ही प्रथमच तीवरून घाट उतरलो. साकव ओलांडून अंगणात आलो तेव्हा आई पायरीवर उभी होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवरील पोच्यास बोट लावले आणि म्हणाली, "चेन पाहिलीस ना रे?" म्हणजे त्या पहाटे ओटीच्या आत तीही जागीच होती. इतक्या वर्षांत तिने हे कधी बोलून दाखविले नव्हते.

वही आता आमच्याकडे आहे. मालकांनी ती गाडीबरोबरच दिली. म्हणाले, ती तिची आहे, माझी नव्हे. त्यांच्या अक्षराखाली एक रेघ मारून आम्ही लिहावयास आरंभ केला. आजवर आमच्या हातच्या तीन नोंदी झाल्या आहेत. तिसरी अशी: 'परीक्षांच्या गडबडीत तेलास चारशे किलोमीटरचा उशीर. चूक.'