जर्मनटाउन : जहाजाच्या यादींतले पूर्वज

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वसाहती इंग्रजांनीं स्थापिल्या, एवढें आपण शाळेंत शिकतों व शिकवितों. परंतु त्यांपैकीं पेन्सिल्व्हानिया प्रांतांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुमारें तिसरा हिस्सा वस्ती जर्मन लोकांची होती, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. त्या जर्मनांचें पहिलें ठाणें म्हणजे फिलाडेल्फिया शहराच्या वायव्य अंगास असलेलें जर्मनटाउन. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त फिलाडेल्फियास असतात, व आमच्या सूनबाई त्याच प्रांतांतील एका जुन्या जर्मन कुळांतल्या. गेल्या वर्षीं आम्ही उभयतां चार महिने त्यांच्याकडे राहिलों. निघतेवेळीं आमच्या कुलमंडळाच्या चिटणिसांनीं कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचा छापील तक्ता हातीं दिला होता. त्यांत सुनेच्या नांवापुढें 'माहेरचें नांव व मूळ गांव' एवढी एकच ओळ होती. ती ओळ भरण्याच्या निमित्तानें जें पाहिलें व वाचलें, तें वाचकांस उद्बोधक वाटेल, असें समजून येथें देत आहों.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानें १६८१ सालीं विल्यम पेन यास हा प्रांत सनदेनें दिला. पेन हा क्वेकर पंथाचा, व धर्ममतासाठीं कोणाचा छळ होऊं नये अशा मताचा. त्याचें आमंत्रण ऐकून फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस नांवाचा कायदेपंडित १६८३ च्या ऑगस्ट महिन्यांत फिलाडेल्फियास उतरला. व त्याच वर्षीं ६ ऑक्टोबर रोजीं 'कॉन्कॉर्ड' नांवाच्या जहाजांतून क्रेफेल्ड गांवचीं तेरा कुटुंबें येऊन पोहोंचलीं. बहुतेक विणकर. पास्टोरियस मात्र लॅटिन, ग्रीक आदि अनेक भाषा जाणणारा. आपल्या वाचनाचें सार त्यानें एका प्रचंड हस्तलिखितांत सांठवून त्यास 'मधमाशांचें पोळें' अशा अर्थाचें नांव दिलें होतें. अरण्य तोडून वस्ती करणाऱ्या विणकरांबरोबर असा एक पंडित असावा, हें त्या गांवाचें भाग्यच म्हटलें पाहिजे.

आज जर्मनटाउन हें स्वतंत्र गांव नसून शहराचाच एक भाग झालेलें आहे. जर्मनटाउन ॲव्हेन्यू या लांबलचक रस्त्याच्या दुतर्फा नव्या दुकानांच्या मधून मधून करड्या दगडांचीं जुनीं घरें दिसतात. मेनोनाइट पंथाचें १७७० सालीं बांधलेलें साधें दगडी प्रार्थनामंदिर याच रस्त्यावर आहे. जवळच विसाहिकन ओढ्याच्या दरींत रिटनहाउस कुटुंबाची वसाहत जतन करून ठेवलेली आहे. इंग्रजी अमेरिकेंतील पहिली कागदाची गिरणी १६९० सालीं येथें निघाली. ती काढणाऱ्या विल्यम रिटनहाउसचा पणतू डेव्हिड हा मोठा ज्योतिषी होऊन गेला. १७६९ सालचें शुक्राचें अधिक्रमण त्यानें वेधिलें होतें.

या गांवाची खरी कीर्ति मात्र एका कागदावर उभी आहे. १६८८ सालीं पास्टोरियस व त्याचे तीन शेजारी यांनीं गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन लिहून आपल्या पंथाच्या सभेकडे पाठविलें. स्वतःवर जो व्यवहार झालेला आपणांस आवडणार नाहीं तो दुसऱ्यावर करूं नये, हा त्यांतील मुख्य मुद्दा. सभेनें तो विषय कठीण म्हणून वरच्या सभेकडे ढकलला, व कागद दप्तरांत पडून राहिला. तो १८४४ सालीं सांपडला, पुनः गहाळ झाला, व २००५ सालीं पुनः हातीं आला. आज तो हॅव्हरफोर्ड कॉलेजांत आहे. कागद उरला म्हणून त्या चौघांचीं नांवें उरलीं. ज्यांच्यासाठीं तो लिहिला गेला, त्या गुलामांपैकीं एकाचेंही नांव त्यांत नाहीं. हा विचार तेव्हां मनांत आला, व पुढें तो सुटला नाहीं.

आमच्या सूनबाईंचें कुळ या पहिल्या तेरा कुटुंबांपैकीं नव्हे. ऱ्हाइन नदीच्या कांठच्या पॅलॅटिनेट प्रांतांतून अठराव्या शतकांत जे लोंढे आले, त्यांपैकीं तें एक. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धानें तो प्रांत ओसाड झाला होता. तो सांवरतो न सांवरतो तोंच १६८९ सालीं चौदाव्या लुईच्या फ्रेंच सैन्यानें स्पायर व वर्म्स हीं शहरें जाळलीं. पुढें १७०९ च्या भयंकर हिवाळ्यांत द्राक्षांचे वेल गोठून मेले. त्या वर्षीं सुमारें तेरा हजार माणसें लंडनपर्यंत आलीं. त्यांपैकीं तीन हजारांच्या आसपास १७१० सालीं न्यूयॉर्क प्रांतांत, इंग्रजी आरमारास लागणारें डांबर काढण्याच्या कामावर पाठविण्यांत आलीं. तो उद्योग फसला, आणि मग लोकांचा ओढा पेन्सिल्व्हानियाकडे वळला.

हा प्रवास कसा होता, तें गॉटलीब मिटेलबर्गर नामक मनुष्यानें लिहून ठेविलें आहे. हा व्यवसायानें शिक्षक व ऑर्गनवादक. तो १७५० सालीं गेला, १७५४ सालीं परतला, व १७५६ सालीं त्याचें पुस्तक छापलें गेलें. ऱ्हाइन नदीवर हॉलंडपर्यंत छत्तीस जकातीचीं नाकीं लागत. रॉटरडॅमहून इंग्लंडमधील काउज बंदर, व तेथून खरा समुद्रप्रवास. एक ते सात वर्षांचीं मुलें या प्रवासांतून क्वचितच वांचतात, असें तो सांगतो. ज्यांच्यापाशीं भाड्याचे पैसे नसत, त्यांस जहाजावरूनच खरेदीदार घेऊन जात व भाडें फिटेपर्यंत कित्येक वर्षें राबवून घेत. अर्ध्याहून अधिक वाट झाल्यावर नवरा किंवा बायको मेली, तर मागें राहिलेल्यास मेलेल्याचेंही भाडें सेवा करून फेडावें लागे. मरणानेंही ऋण सुटत नव्हतें.

आतां यादीविषयीं. इतके परकी लोक येत असलेले पाहून सरकारास धास्ती पडली, व १७२७ सालापासून प्रत्येक जर्मन आगंतुकानें राजनिष्ठेची शपथ घेऊन सही करावी असा नियम झाला. त्यामुळें एकेका जहाजाच्या तीन तीन याद्या झाल्या : एक कप्तानाची व दोन शपथांच्या. या सर्व याद्या स्ट्रासबर्गर व हिंके या संपादकांनीं १९३४ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध केल्या. आपल्या पूर्वजांचा शोध घेणारा प्रत्येक पेन्सिल्व्हानियन जर्मन आज याच ग्रंथापाशीं येऊन उभा राहतो; जसे आपल्याकडे त्र्यंबकेश्वरीं किंवा गयेस गेलेले लोक उपाध्यायांच्या वह्यांपाशीं उभे राहतात.

परंतु या याद्या वंशावळीसाठीं केलेल्या नव्हत्या. शपथ घ्यावयाची ती सोळा वर्षांवरील पुरुषांनीं; म्हणून त्यांचींच नांवें. बायकांस व मुलांस शपथ नव्हती, म्हणून शपथेच्या यादींत त्यांस जागा नाहीं. त्यांतही लिहिणारा कारकून इंग्रज. त्यानें कानाला जसें वाटलें तसें टिपलें; ह्यूबरचा हूव्हर, श्नायडरचा स्नायडर झाला. कोणी आपल्या नांवाचें भाषांतरच केलें. त्सिमरमान म्हणजे सुतार, तो कार्पेंटर झाला. शिवाय, एकाच घरांतील चारही मुलांचें पहिलें नांव योहान ठेवण्याची जर्मन चाल. हांक मारावयाची ती दुसऱ्या नांवानें. तेव्हां यादींत योहान सांपडला म्हणून हर्ष मानण्याचें कारण नाहीं.

आमचे व्याही ऐंशीच्या घरांतले, बोलण्यांत मोकळे. मूळ पुरुष एका जहागीरदाराचा धाकटा मुलगा, घरीं भांडून निघाला, अशी कथा त्यांनीं आजोबांच्या तोंडून ऐकलेली. यादींत तो मूळ पुरुष सांपडला खरा. परंतु नांव कारकुनाच्या हातचें, आणि मध्यें एक वेडीवांकडी फुली. म्हणजे त्यास सही येत नव्हती. व्याह्यांनीं पुस्तक मिटलें व तो दिवस तसाच गेला.

पुढचा मार्ग सूनबाईंनीं काढला. लोक एकएकटे येत नसत. शेजारी शेजाऱ्याबरोबर येई. यादींत त्या फुलीच्या वरखालीं ज्यांच्या सह्या, त्यांपैकीं एकाचें मूळ गांव आधींच ठाऊक झालेलें होतें. त्याच्या आजूबाजूच्या खेड्यांच्या चर्चच्या वह्या त्यांनीं पाहिल्या. जर्मनीच्या प्रॉटेस्टंट चर्चांच्या अशा असंख्य वह्यांचीं छायाचित्रें आर्खियॉन या संस्थळावर २०१५ पासून घरबसल्या पाहतां येतात. लिपि मात्र जुनी कुर्रेंट. ती आजच्या जर्मनासही सरावाशिवाय लागत नाहीं, जशी मोडी आपल्या मुलांस लागत नाहीं. ती वाचणाऱ्या एका वृद्ध बाई भेटल्या, व तिसऱ्या गांवच्या वहींत कुटुंब सांपडलें. बाप शेतमजूर. योहान, त्याची पत्नी, दोन मुलींचे बाप्तिस्मे. आणि समासांत पाद्रीबावांनीं बारीक अक्षरांत लिहिलेलें, 'पेन्सिल्व्हानियास गेले.'

दरम्यान आम्ही फिलाडेल्फियापासून थोड्या अंतरावरील ट्रॅप या गांवीं गेलों. तेथें १७४३ सालीं बांधलेलें लुथरन चर्च जवळजवळ जसेंच्या तसें उभें आहे. येथेंच मिटेलबर्गर ऑर्गन वाजवी व मुलांस शिकवी. येथील पाद्री हेन्री मेल्खियोर म्यूलेनबर्ग यांस १७४२ सालीं जर्मनीतील हाल्ले गांवच्या संस्थेनें पाठविलें होतें. हें नांव वाचतांच आम्हांस तंजावर आठवलें. त्याच हाल्ले संस्थेचा श्वार्ट्झ हा पाद्री १७५० सालीं तरंगमबाडीस आला, व पुढें तंजावरच्या सरफोजी महाराजांचा पालक व गुरु झाला. सरफोजी महाराज आपल्या धर्मांत राहिले, परंतु त्यांनीं गुरूचें ऋण विसरलें नाहीं. याच महाराजांनीं १८०३ सालीं बृहदीश्वराच्या मंदिरांत भोसल्यांच्या कुळाचा इतिहास मराठींत शिळेवर कोरविला. एका गांवाहून निघालेले दोन पाद्री. एकाच्या वहींत निर्वासित शेतकऱ्यांचे वंश नोंदले गेले, व दुसऱ्याच्या शिष्यानें आपला वंश दगडावर लिहविला. राजास दगड मिळतो, मजुरास समास मिळतो. परंतु दोघांनाही नोंद हवी असते.

असो. पेन्सिल्व्हानियांतील एका खेड्याच्या चर्चच्या वहींत योहानची पुढील पांच मुलें मिळालीं. मुलांच्या आईचें नांव तेंच होतें, म्हणजे पत्नी जगली. परंतु त्या दोन मुलींचें नांव पुढें कोठेंही नाहीं. ना बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांत, ना विवाहांत, ना पुरण्याच्या नोंदींत. जहाजाच्या यादींत त्या असणें शक्यच नव्हतें. व पहिल्या मुलाचा जन्म आगमनानंतर सहा वर्षांनीं; त्या सहा वर्षांचा अर्थ, मिटेलबर्गर वाचलेल्या मनुष्यास वेगळा सांगावा लागत नाहीं.

त्या संध्याकाळीं व्याही बराच वेळ बोलले नाहींत. मग सूनबाईंस म्हणाले, "जहागीरदाराची गोष्ट चांगली होती." त्यावर सूनबाई म्हणाल्या, "त्या गोष्टींत ह्या मुली नव्हत्या." त्यांनीं घरांतील जुनें बायबल काढलें. या लोकांत कुटुंबाचे जन्ममृत्यु बायबलाच्या कोऱ्या पानांवर लिहिण्याची रीत आहे. जर्मनटाउनच्याच ख्रिस्तोफ सावर यानें १७४३ सालीं जर्मन बायबल छापलें. युरोपीय भाषेंतलें तें अमेरिकेंतील पहिलें. यांच्या घरचें बायबल तितकें जुनें नाहीं. तरी त्याच्या पहिल्या पानावर, सर्वांच्या वर, व्याह्यांनीं कांपत्या हातानें त्या दोन मुलींचीं नांवें व जन्मतिथि लिहिल्या. मृत्यूचा रकाना कोरा ठेविला. आम्ही उभयतां तेथें होतों. आमच्या मंडळींच्या डोळ्यांस पाणी आलें, व आम्हीं खिडकीबाहेर पाहिलें.

मग आम्ही तो आमचा छापील तक्ता काढून पाहिला. मुलाच्या नांवाखालीं मुलगा, त्याच्याखालीं नातू. मुलींस 'कन्या दोन', 'कन्या तीन' असे आंकडे. अल्पवयांत वारलेल्यांचा उल्लेख नाहीं. इंग्रज कारकुनास जर्मन बायकांच्या नांवांचें प्रयोजन नव्हतें, हें समजण्यासारखें आहे. तो परका होता. आपण तर आपल्याच कुळाचे लेखक आहों. सात पिढ्यांचे पुरुष आम्हांस मुखोद्गत आहेत. पणजीचें माहेर विचाराल तर चुलत्यास पत्र घालावें लागेल, आणि चुलते आतां नव्वदीचे आहेत.

म्हणून वाचकांस एकच विनंति. घरांत जें वडील माणूस असेल, विशेषतः आजी किंवा आत्या, त्यांच्यापाशीं या सुटींत वही घेऊन बसावें, आणि लेकी, सुना, न जगलेलीं मुलें यांचीं नांवें आधीं विचारावीं. पुरुषांचीं कोठें तरी सांपडतीलच. चिटणिसांस आम्हीं सूनबाईंच्या माहेरची ओळ भरून पाठविली, व ती एका ओळींत न मावल्यामुळें पुरवणी जोडली. पुरवणींत आमच्या आईच्या तीन बहिणींचीं नांवेंही आहेत. त्यांपैकीं धाकटीचें नांव मिळविण्यास दोन महिने लागले. तें यमुना होतें.