माहूरचे ऊन आणि नेम

माहूरला जाणाऱ्याने उन्हाची तयारी ठेवावी. रेणुकादेवीच्या पायऱ्या चढताना मला महाभारतातली कथा आठवली. जमदग्नी बाण सोडीत आणि रेणुका ते वेचून आणी. एकदा उन्हाने तिला उशीर झाला, तेव्हा ऋषी सूर्यावरच कोपले! सूर्याने शरण येऊन छत्री आणि पादत्राणे दिली.

आता वेचायला कोणी लागत नाही; गोळीची खूण पडद्यावर उमटते. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, सदऱ्याच्या गुंडीएवढे! अशा रायफलीचा दस्ता नेमबाजाच्या गालाखांद्याला बेतलेला असतो. पण पारख करताना नेमबाजालाच बाजूला ठेवतात. रायफल व्हाइसमध्ये आवळून, एकाच जातीच्या दहा गोळ्या झाडतात. छिद्रे मध्याबाहेर, पण एकत्र पडली, तर साइट फिरवून भागते. विखुरली, तर गोळ्या बदलून पाहतात. तरीही विखुरली, तर नळीवरच संशय.

रायफल अशी निर्दोष ठरली, की चुकलेल्या नेमाचे खापर तिच्यावर फोडता येत नाही. जमदग्नींना निदान सूर्य तरी होता!